पोटुशी असताना रानात जावं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "सहावा महिना लागलाय, डोंगरात चालायला गेले तर चालेल का? एक रात्र तंबूत राहिले तर?" मुली हे हौसेने विचारतात. त्यांच्या सासवा तोच प्रश्न काळजीने विचारतात. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात नर्स म्हणून मी आयुष्यभर गरोदर बायांच्या तपासण्या केल्या आणि सुट्टी मिळाली की रानात फिरले. निरोगी बाईला माझं उत्तर "जा" असंच असतं. त्याआधी मात्र मी तिला विचारते: कुठे, कोणत्या महिन्यात, आणि गाडीरस्त्यापासून किती आत?

वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका असेल, अंगावरून रक्त जात असेल, रक्तदाब चढलेला असेल, मुदतीआधी कळा येऊन गेल्या असतील किंवा हिमोग्लोबिन फार खाली असेल, तर विषय तिथेच संपला. जुळं असेल तर डॉक्टर म्हणतील तसं. बाकीच्यांना चालणं चांगलंच. आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम करा, असं प्रसूतितज्ज्ञच सांगतात. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ आणि थकवा असतो, शेवटी पोट अवघडतं. चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात सुखाचा.

हवा विरळ व्हावी इतका उंच डोंगर गोव्यात नाही, त्यामुळे उंचीची भीती मनातून काढून टाका. आपल्याकडे त्रास देतो तो उकाडा. दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट झालेलं असतं, म्हणजे हृदयाचं काम आधीच वाढलेलं. त्यात पाणी कमी पडलं की चक्कर येते, पोट घट्ट होऊन कळा आल्यासारखं वाटतं. सुरुवातीच्या आठवड्यांत तर अंगाचं तापमान 39 अंशांच्या वर जाऊन तिथेच राहिलं, तर बाळाच्या मेंदू-मणक्याच्या घडणीला धोका असतो. म्हणून उजाडताच निघा आणि ऊन चढायच्या आत परत या. सोबत मीठ घातलेली पेज घ्या, कोकम सरबत घ्या. चालताना सोबतच्या माणसाशी सलग बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की थांबायचं, मग बरोबरचे कितीही पुढे गेलेले असोत.

पावसाळ्यात मात्र मी कुणाला "जा" म्हणत नाही. धबधबे तेव्हाच बघण्यासारखे असतात हे मलाही ठाऊक आहे. पण जांभ्यावर शेवाळ धरलेलं असतं, व्हाळाला (ओढ्याला) वरच्या पावसाने अचानक पाणी येतं, आणि गरोदर बाईचे सांधे सैल झालेले, तोल पुढे गेलेला. पडणं हीच खरी भीती आहे. पोटावर पडलात तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवायचं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर, आईच्या अंगात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होऊ नयेत म्हणून, ॲंटी-डीचं इंजेक्शन 72 तासांच्या आत लागू शकतं. म्हणून तपासणीचं कार्ड घरी कपाटात ठेवू नका, पाठपिशवीत ठेवा.

थंडीचे महिने चालायला छान, पण सत्तरीत तेव्हाच माकडतापाचे दिवस सुरू होतात. हा आजार 1957 साली कर्नाटकात शिमोग्याकडे पहिल्यांदा ओळखला गेला आणि 2015 पासून आमच्या सत्तरीतही त्याने माणसं नेली. तो गोचिडीच्या चाव्याने होतो, आणि गोचिडी सुक्या पाचोळ्यात असतात. काजूच्या बागेत राबणाऱ्या बायांना तिथे जावंच लागतं, पोटात बाळ असलं तरी. त्यांच्याबद्दल मला फार वाटतं. फिरायला जाणाऱ्यांना निवड आहे: या तापाने माकडंही मरतात, म्हणून माकडं मेल्याची बातमी असेल त्या रानात जाऊ नका. एरवीही पायजमा मोज्यात खोचा, पाचोळ्यावर बसू नका, परतल्यावर अंग नीट तपासा. किडे दूर ठेवणारं डीट हे औषध असलेलं मलम गरोदरपणात चालतं, डासांनाही तेच उपयोगी. नंतर ताप आला तर रानात गेला होतात हे डॉक्टरांना आधी सांगा.

आता जागा. अर्ध्या तासात गाडीपाशी पोचता येईल, त्याच्या पलीकडे जायचं नाही, हा माझा नियम आहे. तांबडी सुर्ल्याच्या महादेवाच्या देवळाजवळ गाडी जाते, भोवती गर्द झाडी आहे. तिथे सावलीत हवं तितकं चाला, मागच्या धबधब्याची वाट सोडा. दूधसागर धबधब्याकडे रेल्वेच्या रुळांवरून चालायला बंदी आहे आणि कुळ्याहून जाणारी जीप हाडं खिळखिळी करते. ते बाळंतपणानंतर. नेत्रावळीतली मैनापी धबधब्याची वाटही लांब, तीही नंतरच. मला सगळ्यात पटतो तो बोंडला. अभयारण्य लहान, वनखात्याच्या राहायच्या खोल्या आहेत, फोंडा जवळ. गोव्यात अभयारण्यात वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही, परवानगी लागते. खरं सांगायचं तर पक्की खोली आणि जवळ संडास असेल तर तंबूचा हट्ट कशाला? गरोदर बाईला रात्रीत चार वेळा उठावं लागतं, आणि अंधारात फुरसं (विषारी साप) दिसत नाही.

तरीही तंबूतच राहायचं असेल तर व्हाळाकाठी नको. खाली जाड गादी हवी, आणि अठ्ठावीस आठवड्यांनंतर कुशीवरच झोपायचं. तंबूच्या आत शेगडी पेटवू नका, तिचा विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) दिसत नाही आणि बाळाला आईपेक्षा जास्त घातक असतो. पाणी उकळूनच प्या. दूषित पाण्यातून होणारी हेपटायटिस ई ही कावीळ शेवटच्या तिमाहीत आईच्या जिवावर बेतते. पाणी शुद्ध करायच्या आयोडीनच्या गोळ्या गरोदरपणात नकोत, क्लोरीनच्या चालतात.

रानात बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही, मग 108 तरी कशी बोलवणार? कुठे जाताय ते नाक्यावरच्या वनरक्षकाला आणि घरी सांगून ठेवा, आणि गाडी चालवता येणारा एक माणूस सोबत असू द्या. रक्त दिसलं, पाणी गेलं, नियमित कळा सुरू झाल्या, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, एकाच पोटरीला सूज आली, छातीत दुखलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर उजाडायची वाट बघू नका. सामान तिथेच टाका आणि जवळच्या मोठ्या दवाखान्याकडे गाडी काढा.