परमिट रूममधली वागण्याची रीत

बारमध्ये गिऱ्हाईक आणि दारू देणारा माणूस यांच्यात एक गोष्ट कधीच सारखी नसते. तासा-दीड तासाने एकाचा तोल थोडा सरकलेला असतो आणि दुसरा मात्र संध्याकाळी कामावर आला तेव्हा होता तितकाच शुद्धीवर असतो. बारमधल्या शिष्टाचाराचे बहुतेक नियम या एका फरकातून निघाले आहेत, असे माझे मत आहे. म्हणूनच ते पहिला पेग येण्याआधी मनाशी ठरलेले असावेत, कारण तिसऱ्या पेगनंतर ठरवायला बसलेला माणूस स्वतःच्या सोयीचेच ठरवतो.

कोल्हापुरात मोठ्या हॉटेलांतले मोजके बार सोडले, तर पेग भरणारा माणूस आपल्यासमोर उभा नसतो. स्टेशन रोड, शाहूपुरी, राजारामपुरी इथल्या ज्या परमिट रूममध्ये आपण बसतो, तिथे कॅप्टन ऑर्डर लिहून घेतो, काउंटरवरचा माणूस मापाने दारू देतो, वेटर ती टेबलावर आणतो आणि टेबल पुसणारा पोरगा रिकाम्या प्लेटा उचलतो. आपला सभ्यपणा या चौघांत वाटला जातो, पण तो समान वाटला जात नाही. कॅप्टनला हसून ‘काय, बरं आहे ना?’ विचारणारा माणूस त्याच दमात त्या पोरावर खेकसतो.

हाक मारण्याचेही तसेच आहे. आपल्या बोलीत अरे-तुरे हा आपलेपणा असतो, हे खरे, आणि ‘मामा, जरा बर्फ बघा’ किंवा ‘भावा, एक सोडा’ म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही. मात्र समोरचा प्रत्येक वाक्याला ‘साहेब’ लावत असताना आपण चुटकी वाजवणे, ‘शुक शुक’ करणे किंवा चमच्याने ग्लास वाजवणे याला आपलेपणा म्हणता येत नाही. शाहू स्टेडियमवर मोठा सामना झालेल्या संध्याकाळी हॉल गच्च भरतो. त्या वेळी हात थोडा वर करून नजरानजर होईपर्यंत थांबले तरी पुरते. वेटरला आपण दिसलेले असतो, फक्त त्याच्या हातात दुसऱ्या टेबलाचा ट्रे असतो. सोडा, बर्फ, पाणी, उकडलेली अंडी, मसाला शेंगदाणे एकदम सांगावेत. एकेका वस्तूसाठी त्याला चार हेलपाटे घालायला लावून वर ‘किती वेळ?’ म्हणणे हा शुद्ध माज आहे.

सगळ्यात नाजूक विषय मापाचा. आपल्याकडे लहान पेग ३० मिलिलिटरचा आणि मोठा ६० चा. इंग्लंडमधल्या पबमध्ये व्हिस्की, जिन, रम आणि व्होडका यांचे माप कायद्याने २५ किंवा ३५ मिलिलिटर असते. पेगचे माप वजनकाट्यासारखेच वैधमापन शास्त्राच्या नियमांखाली येते, त्यामुळे त्याबद्दल विचारणे हा गिऱ्हाइकाचा साधा हक्क आहे. भरलेला ग्लास आतूनच येत असल्याने आपल्या मनात शंका येणेही स्वाभाविक आहे. ती असेल तर पहिल्याच पेगला सांगावे, ‘माप टेबलावर आणा.’ चांगल्या ठिकाणी कोणी तोंड वाकडे करत नाही. दोन तोंडांचे धातूचे माप काठोकाठ भरले जाते, ग्लासावर उपडे केले जाते, शेवटचा थेंब पडेपर्यंत क्षणभर धरून ठेवले जाते आणि विषय तिथेच मिटतो. त्याहून सोपा मार्ग म्हणजे ९० ची निप किंवा १८० ची क्वार्टर सीलबंद मागवणे. जाणता वेटर बाटलीचे लेबल आपल्याकडे वळवतो, आपण मान हलवेपर्यंत थांबतो आणि मगच झाकण पिळतो, म्हणजे सील तुटल्याचा कट्ट आवाज आपल्या कानांनी ऐकायला मिळतो. पहिल्या तीन पेगांना गप्प बसून चौथ्याला ‘ह्यात पाणी घातलंय’ म्हणून हॉल डोक्यावर घेण्यात मात्र अर्थ नाही. तोवर जीभ बर्फाने आणि तिखटाने इतकी बधिर झालेली असते की तिची साक्ष कोणी ग्राह्य धरू नये.

याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘जरा सैल हात सोड की’ ही लाडिक विनंती. परमिट रूमला प्रत्येक ब्रँडच्या साठ्याची नोंद ठेवावी लागते आणि रात्री बाटल्यांचा हिशेब जुळवावा लागतो. आपल्या ग्लासात फुकट गेलेले दहा मिलिलिटर त्या माणसाच्या पगारातून किंवा पुढच्या गिऱ्हाइकाच्या पेगातून वळते होतात. ओळखीचा फायदा म्हणून आपण त्याला चोरी करायला सांगत असतो, आणि तेही सर्वांदेखत.

काउंटरपलीकडच्यांचीही कर्तव्ये आहेत. न सांगता पेग रिपीट करू नये, सांगितलेला ब्रँड संपला असेल तर त्याहून महागडा परस्पर ओतू नये, पाण्याची बाटली विचारल्याशिवाय उघडू नये. बिअरच्या आणि सोड्याच्या रिकाम्या बाटल्या टेबलाच्या कडेला राहू देण्याची जुनी पद्धत मला आवडते, कारण मग मोजणी दोघांच्या डोळ्यांदेखत राहते.

आता नकाराबद्दल. ‘साहेब, तांबडा-पांढरा गरम आहे, जेवण लावू का?’ हे वाक्य परमिट रूममध्ये ज्याने ऐकलेले नाही, त्याने एक तर फार थोडी किंवा फार जास्त घेतलेली असावी. वेटर जेवणाचे विचारत नसतो, तो ‘आता पुरे’ असे म्हणत असतो, आणि चारचौघांत पाणउतारा होणार नाही याची काळजी घेऊन म्हणत असतो. त्यावर ‘मला शिकवतोस काय?’ असे उत्तर देणाऱ्याने थोडे गणित करून पाहावे. ४२.८ टक्के तीव्रतेच्या लहान पेगात साधारण १० ग्रॅम मद्यार्क असतो, तर आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार लहान पेगांइतका. ‘मी फक्त दोन बिअर घेतल्यात’ म्हणणारा माणूस अशा हिशेबाने आठ पेगांवर असतो. गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. रिक्षा बोलावू का, असे विचारणाऱ्या वेटरवर डाफरणाऱ्याने हे आकडे शुद्धीवर असताना वाचून ठेवावेत.

वयाचे तेच. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. कोवळ्या चेहऱ्याच्या पोराला आधार कार्ड मागितले तर त्यात त्याच्या खानदानाचा प्रश्न येत नाही. खानदान, गल्ली, तालीम आणि ओळखीचा नगरसेवक या चार गोष्टी काउंटरवर न काढण्याची शपथ कोल्हापूरकरांनी घेतली, तर निम्मी भांडणे कमी होतील.

बिलाची ओढाताण हा आपल्या मोठ्या मनाचा भाग आहे आणि वेटरच्या जिवाला घोर आहे. ‘ह्याच्याकडनं घ्यायचं न्हाई, सांगून ठेवतो!’ असा दम देत दोघे त्याच्या दोन्ही खिशांत नोटा कोंबतात, आणि तो बडीशेपेची वाटी सांभाळत मध्ये उभा. ज्याचे पैसे घेईल त्याचा दोस्त नाराज होणार. खरोखरच पाहुणचार करायचा असेल तर हात धुवायला जाताना काउंटरवर हळूच सांगून यावे.

टीप ही खुशीची बाब आहे. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. तेव्हा बिलात तो दिसला तर शांतपणे काढायला सांगावा, आणि वाचलेले पैसे वेटरच्या हातात ठेवावेत. टेबल पुसणाऱ्या पोराला वेगळे द्यावेत, कारण वाटणीत त्याच्यापर्यंत किती पोचतात याची मला खात्री वाटत नाही.

एक रीत मात्र या मंडळींकडूनच शिकावी. महाद्वार रोडवर आपण घरच्यांबरोबर खरेदीला असताना समोरून येणारा ओळखीचा वेटर स्वतःहून कधी हाक मारत नाही. आपण ओळख दाखवली तरच तो हसतो आणि ‘बरेच दिवस दिसला नाहीत’ हे वाक्य तर चुकूनही उच्चारत नाही.

शेवटची ऑर्डर सांगितली गेली की ती शेवटचीच मानावी. स्टाफची ताटे शेवटचे टेबल उठल्यावरच वाढली जातात. दिवसभर दुसऱ्यांना वाढलेला माणूस आपल्या ग्लासातला उरलेला घोट संपण्याची वाट पाहत उपाशी उभा असतो. राहिलेल्या गप्पा बाहेर पानाच्या टपरीवर उभ्याने माराव्यात. कोल्हापुरात त्यासाठी जागेची टंचाई नाही.