मला चालेल हो, पण लोकांना?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहणाऱ्या माणसाला दर चार वर्षांनी उगाचच आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागतं. एरवी या राज्याची आठवण कुणाला येत नाही. मका, सोयाबीन, डुकरं आणि विमा कंपन्या, एवढाच आमचा लौकिक. अख्ख्या राज्याची लोकसंख्या बत्तीस लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेतलं एकटं पुणे शहर जवळपास तेवढं. पण १९७२ पासून डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीची पहिली परीक्षा इथे व्हायची आणि पुढे रिपब्लिकनही त्याच वाटेने आले. त्यामुळे व्हाइट हाऊसमध्ये राहायला जायची इच्छा असलेल्या प्रत्येकाला आधी वर्षभर आमच्या गावागावांतून हात मिळवत फिरावं लागे.

२०१९ साली तर कहर झाला. ट्रम्पना पाडायला डेमोक्रॅटांचे वीसहून जास्त उमेदवार रिंगणात. लायब्ररीत जावं तर एक भेटणार, पिझ्झाच्या दुकानात दुसरा. ऑगस्टमधल्या राज्याच्या जत्रेत तर सगळेच. या जत्रेला दहा लाखांवर माणूस लोटतो. सुमारे सहाशे पौंड लोण्याची घडवलेली एक गाय काचेच्या थंड पेटीत उभी असते, तिच्या दर्शनाला रांग. आणि बाहेर काडीला टोचलेलं पोर्क चॉप खात लोक भावी अध्यक्षांची भाषणं ऐकतात. तिथे एका टीव्ही वाहिनीचा मांडव असतो. प्रत्येक उमेदवाराच्या नावाची काचेची बरणी, आणि आपल्या हातात मक्याचा एक दाणा. हवा त्याच्या बरणीत टाका. माझ्या पुढे पन्नाशीची एक बाई होती. तिने दाणा चिमटीत धरला, सगळ्या बरण्यांवरून नजर फिरवली, एका जवळपास रिकाम्या बरणीवर हात नेला, थांबली, आणि जी भरत आली होती तिच्यात दाणा टाकून निघून गेली. या निवडणुकीचा सगळा ताप मला त्या हातात दिसला. मक्याच्या दाण्याने कुणी अध्यक्ष होत नाही. तो वाया गेला तरी काय बिघडणार होतं?

मी काही कुणाची कार्यकर्ती नाही. विमा कंपनीत क्लेम तपासते. दिवसभर शक्यतांचे तक्ते समोर असतात, म्हणून असेल, पण लोक उमेदवाराच्या 'चान्स'बद्दल ज्या आत्मविश्वासाने बोलतात त्याची मला गंमत वाटते. आमच्याकडे साधं गारपिटीने छप्पर किती फुटतील हे सांगायला तीस वर्षांची आकडेवारी लागते.

उमेदवारांबद्दल माझी मतं होती, आणि ती कुणी विचारली नाहीत तरी मी सांगत असे. जो बायडेन सज्जन, पण ते बोलायला उभे राहिले की ऐकणाऱ्याच्याच छातीत धडधडायचं. जत्रेत ते म्हणून गेले, आम्ही तथ्यांपेक्षा सत्य निवडतो. बर्नी सँडर्स चाळीस वर्षं एकच भाषण करतायत असं लोक चेष्टेने म्हणत. मला तोच त्यांचा मोठा गुण वाटे. एलिझाबेथ वॉरेनबाईंकडे प्रत्येक दुखण्यावर लेखी योजना तयार, वर सभा संपल्यावर शेवटच्या माणसाबरोबर फोटो काढून होईपर्यंत तास न् तास उभ्या. पीट बुटिजेज म्हणजे इंडियानातल्या लाखभर वस्तीच्या साउथ बेंडचा महापौर, चाळिशीही न गाठलेला. बरोबर प्रचाराला त्याचा नवरा. असं सुंदर बोलायचा की संशय यावा. अँड्र्यू यांग प्रत्येक प्रौढाला महिना हजार डॉलर देतो म्हणायचा. आमच्या ऑफिसातली पोरं खूश. कमला हॅरिस यांची आई चेन्नईची म्हणून आमच्या देशी मंडळींना भारी कौतुक होतं, पण पहिलं मत पडायच्या दोन महिने आधीच, ३ डिसेंबरला, त्यांनी माघार घेतली. मला आवडायच्या शेजारच्या मिनेसोटाच्या एमी क्लोबुशार. आयोवाच्या ९९ च्या ९९ काउंट्या, म्हणजे जिल्हे, पालथ्या घातलेल्या, तिरकस बोलणाऱ्या, आणि जे जमणार नाही ते जमणार नाही असं तोंडावर सांगणाऱ्या. पुढाऱ्यात हे फार दुर्मिळ.

आता गंमत अशी, की हे सगळं ऐकून घेतल्यावर समोरचा कधी म्हणायचा नाही की तुझं चुकतंय. तो म्हणायचा, "ते ठीक आहे गं, पण निवडून येणार आहे का?"

पहिलं मत पडायच्या आधीची शेवटची मोठी वादफेरी १४ जानेवारी २०२० ला आमच्या डे मॉइनमध्ये, ड्रेक विद्यापीठात झाली. बाई अध्यक्ष होऊ शकत नाही, असं सँडर्स २०१८ साली खासगीत आपल्याला म्हणाल्याचं वॉरेनबाई सांगत होत्या, सँडर्स साफ नाकारत होते. मंचावर वॉरेननी हिशेबच मांडला: इथल्या पुरुषांनी मिळून दहा निवडणुका हरल्यात, लढवलेली प्रत्येक निवडणूक जिंकलेल्या दोघीच आहेत, एमी आणि मी. दुसऱ्या दिवशी संक्रांत. शनिवारी एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं, बाहेर फूटभर बर्फ. तिळगूळ हातात पडायच्या आत विषय निघाला.

"वॉरेन काय हुशार आहे! पण बाईला देतील का हो मतं, हे लोक?"

"पीट चांगला आहे. मला त्याचं काही नाही. पण लोकांना नवरा-नवरा नाही झेपायचं."

"बर्नी पटतो मला. पण लोक समाजवादी म्हटलं की पळतात."

कुणाचीच कशालाही हरकत नव्हती. सगळी हरकत लोकांची. हे लोक कोण म्हणून विचारलं, तर कळलं ते खेड्यातले गोरे शेतकरी. आता असा एक शेतकरी माझ्या शेजारी राहतो. निवृत्त आहे, जमीन खंडाने दिली आहे, आमच्या दारातला बर्फ न सांगता काढतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "माझं काही नाही गं, मी कुणालाही देईन. पण पेन्सिल्वेनिया, मिशिगनचे कारखान्यातले लोक आहेत ना, त्यांना नाही चालायचं." पेन्सिल्वेनियात माझी मावसबहीण आहे. ती म्हणाली, "आमच्याकडे चालेल, तुमच्या आयोवातल्या शेतकऱ्यांचं बघा."

म्हणजे लोक नेहमी पुढच्या राज्यात राहतात.

हे माझ्या हळदीकुंकवापुरतं नव्हतं. जून २०१९ मध्ये इप्सॉस या जनमत पाहणी करणाऱ्या कंपनीने डेमोक्रॅट आणि अपक्ष मतदारांना विचारलं होतं, बाई अध्यक्ष झालेली तुम्हाला चालेल का? ७४ टक्के म्हणाले, चालेल. तुमच्या शेजाऱ्यांना चालेल का? फक्त ३३ टक्के हो म्हणाले. शेजारी इतके वाईट असतील तर घरं विकून जायला हवं. त्याच सुमाराच्या आणखी एका पाहणीत, निवडून यायची काळजी बाजूला ठेवून जादूच्या कांडीने थेट खुर्चीवर कुणाला बसवाल, असं विचारल्यावर बायडेन यांची मोठी आघाडी विरघळली आणि वॉरेन थोड्या पुढे गेल्या. मला हे सरळ खोटेपण वाटत नाही. २०१६ मधल्या ट्रम्प यांच्या विजयाचा दणका ताजा होता, माणसं घाबरलेली होती. पण स्वतःच्या मनातली अढी शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवायची ही सोय फार जुनी आहे. लग्न जमवताना "आमचं काही नाही हो, पण चार लोक काय म्हणतील" म्हणणाऱ्या मामा-काकांत वाढलेल्या माणसाला ती ओळखू यायला वेळ लागत नाही.

कॉकसच्या, म्हणजे पक्षाच्या मतदारांनी जमून उमेदवार निवडायच्या सभेच्या, रात्री, ३ फेब्रुवारी २०२० ला, मात्र हे लोक एकदम समोर आले. मतदान गुप्त असतं हे नागरिकशास्त्रात पाठ केलेल्या माणसाला डेमोक्रॅटांचा तेव्हाचा कॉकस बघून घाम फुटायचा. संध्याकाळी सातच्या आत शाळेच्या जिममध्ये हजर व्हायचं आणि सगळ्यांच्या देखत आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. ऑफिसातला साहेब बघतोय, मुलीची बाई बघतेय, दंतवैद्य बघतोय. माझा नवरा माझ्याकडे न बघता सरळ सँडर्सच्या कोपऱ्यात गेला. मी क्लोबुशारांच्या, बास्केटबॉलच्या जाळीखाली.

तेव्हाचा नियम असा की हजर असलेल्यांपैकी पंधरा टक्के माणसं नसतील तर तो गट बाद. गट बाद झाला की त्यातल्यांनी दुसरीकडे जावं, किंवा इकडून तिकडून माणसं गोळा करून पंधरा टक्के भरावेत, किंवा घरी जाऊन झोपावं. आम्ही २४० जण होतो, म्हणजे ३६ हवेत. बुटिजेज, सँडर्स, वॉरेन आरामात पार. क्लोबुशार ३३. यांग १२, बहुतेक पोरंच. आणि बायडेन, ज्यांना सगळं जग निवडून येणारा माणूस म्हणत होतं, ते ३१ वर अडकले.

मग पंधरा मिनिटं जो बाजार भरला त्याला तोड नाही. आमच्यातली एक निवृत्त नर्स यांगच्या पोरांना गाठून बसली. मी बायडेन यांच्या कोपऱ्यात गेले. तिथे माजी सैनिकाची टोपी घातलेले एक आजोबा घडीच्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर पिवळं पसंतीचं कार्ड. मी म्हटलं, आमच्याकडे या, आम्हाला तीनच कमी आहेत. ते म्हणाले, "खरं सांगू का, मला एमीच आवडते. पण ती निवडून येणार नाही."

"इथे तर तुमचे हेच येत नाहीयेत," मी म्हटलं.

ते मोठ्याने हसले. बायकोकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, मी पीटकडे चालले, मला पहिल्यापासून तोच हवा होता, तुम्हीच नको म्हणालात. आजोबा गुडघ्यावर हात ठेवून उठले, खुर्ची काखेत मारली आणि आमच्या जाळीखाली येऊन बसले. दोघं जण यांगकडून आलेच होते. छत्तीस भरले. टाळ्या वाजल्या. त्या हॉलमध्ये एक माणूस तरी त्या क्षणी त्याला जो आवडत होता त्याच्यापाशी बसला, आणि तेही त्याचा आवडता नसलेला माणूस पडला म्हणून.

त्या रात्री निकाल लागलाच नाही. आकडे कळवायचं पक्षाचं नवं ॲप कोलमडलं, आमच्या कॉकसचे अध्यक्ष कानाला फोन लावून ताटकळत बसले, आणि देश आयोवाला हसला. पुढे बुटिजेज आणि सँडर्स यांच्यात एक दशांश टक्क्याइतकाच फरक निघाला. बायडेन चौथे. न्यू हॅम्पशरला पाचवे. झालं, संपले, असं सगळ्या पंडितांनी सांगून टाकलं.

आणि मग साउथ कॅरोलायना. खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला, २९ फेब्रुवारीला बायडेन यांनी ते राज्य मोठ्या फरकाने मारलं, बुटिजेज आणि क्लोबुशार दोन दिवसांत बाहेर पडून त्यांच्यामागे उभे राहिले, आणि ३ मार्चला एकाच दिवशी मतदान झालेल्या चौदापैकी दहा राज्यं बायडेन यांची. साउथ कॅरोलायनातले काळे मतदारही, गोरे लोक कुणाला मत देतील, याचाच अंदाज बांधत होते. पण मी त्याला हळदीकुंकवातल्या गप्पांच्या रांगेत बसवणार नाही. गोरे लोक कुठवर येतात आणि कुठे हात आखडतात, याचा काळ्या मतदारांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा तक्ता आहे. आमच्याकडे ऐकीव माहिती होती.

टोपीवाल्या आजोबांचं मात्र मला राहून राहून हसू येतं. त्यांचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला, आणि मत पडलं दुसरीकडेच.

२०२४ ला आमचा मान गेला. डेमोक्रॅटिक पक्षाने पहिला नंबर साउथ कॅरोलायनाला दिला. रिपब्लिकनांचा कॉकस १५ जानेवारीला हाडं गोठवणाऱ्या थंडीत झालाच. विवेक रामस्वामींनी सगळ्या काउंट्या दोन-दोनदा फिरून झाल्या होत्या, निकी हेलींच्या सभा भरत होत्या, आणि आमच्या मंडळींत "आपली माणसं" म्हणून अभिमान आणि "पण यांना देणार कोण" म्हणून उसासा, दोन्ही एका दमात चालू होतं. ट्रम्प ५१ टक्के. हेली १९. रामस्वामी आठ टक्क्यांच्या आत, त्याच रात्री बाहेर.

आम्हा डेमोक्रॅटांना मात्र त्या वर्षी पोस्टाने कार्डं आली. घरी बसून खूण करायची, पाकिटात घालायची, पाठवून द्यायची. कोपरे नाहीत, खुर्च्या नाहीत, कुणाला ओढून आणणं नाही. कार्डावर बायडेन, डीन फिलिप्स, मॅरिअन विल्यमसन आणि 'कुणाशीच बांधील नाही' असे चारच पर्याय होते. चार वर्षांपूर्वी अडीचशे माणसांसमोर सँडर्सच्या कोपऱ्यात ताठ उभा राहिलेला माझा नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर कार्डावर हात आडवा धरून बसला होता. खूण कुणापुढे केली, ते त्याने अजून सांगितलेलं नाही. मी विचारलं तर म्हणतो, "गुप्त असतं ते."