पुरेसं कारण नसताना

माझा धाकटा भाऊ बाळू फौजेत नायक आहे. त्याच्या शीट रोलमध्ये, म्हणजे नोकरीच्या रेकॉर्डमध्ये, एक लाल एंट्री आहे, शिक्षेची लाल शाईतली नोंद, २०१९ ची, आणि ती काढून टाकावी म्हणून दीड वर्ष झालं आम्ही धडपडतोय. अर्ज त्याचा, सही त्याची, पण कागद गोळा करायचं काम माझ्याकडं, कारण तो तिकडं वर आणि मी इथं बेळगावात. त्याच्या पलटणीचं नाव किंवा कुठल्या साहेबांचं नाव मी लिहिणार नाही, मला कुणाला दोष द्यायचा नाही, पण आपल्याकडं खानापूर, निपाणी, चंदगड भागात घरटी एकजण फौजेत असतोय आणि हे असं कुणावरही येऊ शकतं म्हणून लिहितेय.

आमचं गाव मलप्रभेच्या काठाला. ऑगस्ट २०१९ चा पाऊस इथल्या कुणाला विसरता येणार नाही. बाळू छुट्टीवर होता आणि ८ तारखेला त्याला हजर व्हायचं होतं, ६ ची दिल्लीची, निजामुद्दीनची गाडी मीच माझ्या मोबाईलवरून बुक केलेली. ५ तारखेला रात्री ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला, गावातून बाहेर पडायला वाटच राहिली नाही, तिकडं निपाणीजवळ आणि कोल्हापूरला हायवेच बंद, गाडी रद्द. ७ ला पहाटे आमच्या जुन्या घराची मातीची भिंत आत पडली आणि बाबांचा पाय तिच्याखाली सापडला. बाळूनं आणि गल्लीतल्या पोरांनी दार उचकटून काढलं, त्यावर बाबांना झोपवलं, आणि दोन दिवस बाबा शाळेच्या खोलीत तसेच, वरनं नुसत्या पेनकिलर. ९ ला पाणी थोडं उतरल्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून खानापूर, तिथनं बेळगाव. ११ ला ऑपरेशन, १२ ला बाळू हुबळीवरून गाड्या बदलत बदलत निघाला, १४ ला पोचला. सहा दिवस उशीर. त्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यात लष्कराच्या तुकड्या बोटी घेऊन लोकांना पुरातनं बाहेर काढत होत्या, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

तिकडं त्याची पेशी झाली, म्हणजे साहेबांसमोर सुनावणी. टोपी आणि बेल्ट काढून ठेवायला लावतात आणि मार्च करत साहेबांसमोर नेतात. हे त्यानं मला चार वर्षांनी सांगितलं, तेही फोनवर, आणि सांगताना ‘टोपी काढून’ म्हणाला आणि पुढं थोडा वेळ बोललाच नाही. आर्मी ॲक्ट १९५० चं कलम ३९ बी, मंजूर छुट्टीपेक्षा जास्त दिवस राहिला. गुन्हा कबूल आहे का विचारलं, हा म्हणाला हो साहेब. फौजेत साहेब विचारतात तेव्हा तोंडातून हो साहेबच निघतं. कलम ८० खाली सीओ साहेबांना, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरना, साध्या शिपायाला २८ दिवसांपर्यंत कैद द्यायचा अधिकार असतो, नायक-हवालदाराला ती देता येत नाही, म्हणून याला सिव्हियर रेप्रिमांड म्हणजे कडक शब्दांत ताकीद मिळाली, आणि जितके दिवस गैरहजर तितक्या दिवसांचा पगार कापला. ऐकणाऱ्याला वाटेल ताकीदच तर आहे, त्यात काय एवढं. पण ही ताकीद शीट रोलमधल्या कंडक्ट शीटवर, वर्तणुकीच्या पानावर, लाल शाईत चढते. पुढच्या प्रमोशनला, चांगल्या पोस्टिंगला, कोर्सला नाव पाठवताना, रिटायर होताना कॅरेक्टर लिहितात तेव्हा, दरवेळी ते पान कुणीतरी उघडून बघणार.

पगार गेला त्याचं काही नाही. मला जे सलतंय ते कायद्यातले शब्द. ३९ बी मध्ये नुसतं ‘जास्त दिवस राहिला’ असं लिहिलेलं नाही, ‘पुरेसं कारण नसताना राहिला’ असं आहे. म्हणजे कारण पुरेसं असेल तर गुन्हाच होत नाही! आणि आता माझ्या भावाच्या रेकॉर्डला कायमचं असं लागलं की बाप भिंतीखाली सापडला होता, पूल पाण्यात होता, तरी याच्याकडं पुरेसं कारण नव्हतं. हे खोटं आहे. शिक्षा भोगून झाली, पण हे खोटं वाक्य तिथं राहू नये एवढंच आमचं म्हणणं.

त्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं. २०२३ ला हवालदारकीसाठी ज्युनियर पोराचं नाव पुढं गेलं तेव्हा बाळूच्या बायकोनं खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठं बाहेर आलं. आईला तर वाटलं आता याला घरीच पाठवणार, कारण गावात कुणीतरी सांगितलेलं की लाल एंट्री झाली की नोकरी गेली. तसं नसतंय. चार लाल एंट्र्या झाल्या तर कामावरून काढायचा विचार करतात, आणि तेव्हासुद्धा नुसत्या एंट्र्या मोजून काढता येत नाही, चौकशी करून, त्याची सर्व्हिस किती झाली, कुठल्या कठीण ठिकाणी झाली हे बघून ठरवायला पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये वीरेंद्र कुमार दुबे यांच्या केसमध्ये सांगितलंय. हे आईला समजावल्यावर त्या रात्री ती जेवली.

मी रागानं पहिल्यांदा आमदाराकडं जायला निघालेले. आमच्या गल्लीत एक सुभेदार मामा आहेत, तीस वर्षं फौजेत काढलेले, त्यांनी दारातच अडवलं. म्हणाले, "अक्का, तू जाशील, ते पत्र बी देतील, खरं ते पत्र पोराच्याच अंगावर येतंय. भायरचा वशिला लावला म्हणून अजून एक लागंल. त्याला स्वतःला लिहू दे." (आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’, बाहेरच्यांसाठी सांगून ठेवते.) मग त्यांनीच वाट सांगितली. आर्मी ॲक्टचंच कलम २६, ज्या जवानाला आपल्यावर अन्याय झालाय असं वाटतंय त्यानं आपल्या कंपनी कमांडरकडं तक्रार द्यायची, तक्रार त्यांच्याच विरुद्ध असेल तर त्यांच्या वरच्या साहेबांकडं, आणि ज्यांच्याकडं ती येईल त्यांना तिची चौकशी करावीच लागते. इथं शिक्षा सीओ साहेबांनी दिलेली, म्हणजे तक्रार त्यांच्या वरच्या साहेबांकडं जाणार. त्याआधी पेशीचे कागद मागवायचे. बाळूनं १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून आरटीआय टाकली आणि चार्जशीट, शिक्षेचा कागद असं मिळालं. त्यात याचं स्टेटमेंट एका ओळीचं. आर्मी रूल्सच्या नियम २२ प्रमाणे आरोपीला साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात, आपला साक्षीदार बोलावता येतो, पण त्या कागदांत ना पूर, ना भिंत, ना बाबा, कशाचाच उल्लेख नाही. साहेबांसमोर हे काहीच गेलं नव्हतं तर साहेब तरी काय करणार, हेही मला तेव्हा कळलं.

फोन केला नव्हता का? केला होता. गावात रेंज नाही म्हणून पावसात डोंगरावरच्या देवळापर्यंत चढून त्यानं कंपनी हवालदार मेजरला फोन केला, ते म्हणाले ठीक है, जल्दी आओ. पुढं ते बदली होऊन गेले. मोबाईल कंपनीकडं एवढं जुनं रेकॉर्ड नव्हतं. सुभेदार मामा म्हणाले आमच्या वेळी तार करायचो, ‘वडील सीरियस, छुट्टी वाढवा’, पोस्टातनं पावती मिळायची आणि ती पाकिटात जपून न्यायची. पेशी झाली की पावती टेबलावर! २०१३ च्या जुलैत तार बंद झाली आणि त्या पावतीच्या जागी दुसरं काही आलंच नाही. म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येक फौजीच्या घरच्यांनो, अडकलात तर फोनवर थांबू नका, त्याच दिवशी युनिटच्या पत्त्यावर स्पीड पोस्ट करा, मेसेज पाठवून स्क्रीनशॉट ठेवा, आणि जवळ कुठलंही मिलिटरी स्टेशन असेल तर तिथं जाऊन मी अमुक कारणानं अडकलोय अशी नोंद करून या. बेळगावला तर एवढा मोठा कॅम्प आहे. पण आमच्या बाळूला गावातनंच निघता येत नव्हतं, आणि निघाला तेव्हा हातात बाबांचं स्ट्रेचर होतं.

मग मी कागदांच्या मागं लागले. मी सोसायटीत क्लार्क आहे, कागदाची मला भीती नाही, पण चार-साडेचार वर्षांपूर्वीचा पूर सिद्ध करायचा म्हणजे काय ते तेव्हा कळलं. पंचायतीत पीडीओंकडून, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून, घर पडल्याचा दाखला, तलाठ्यांकडून नुकसानभरपाईच्या यादीतलं बाबांचं नाव, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड. सरकारी दाखले सगळे कन्नडमध्ये. तिकडं कोण वाचणार, म्हणून इंग्रजी भाषांतर करून नोटरी. पहिल्या भाषांतरात ‘भिंत पडली’ चं ‘कंपाउंड पडलं’ झालेलं, मला कन्नड वाचता येतं म्हणून सापडलं, नाहीतर बाबांचा पाय कंपाउंडखाली गेला असता! परत केलं.

आणि एक कागद असा मिळाला की मी बँकेत उभी राहून रडले. गाडी रद्द झाली की तिकिटाचे पूर्ण पैसे परत येतात ना. तिकीट मी काढलेलं, पैसे माझ्या खात्यातून गेलेले. मी २०१९ चं पासबुक प्रिंट करून घेतलं तर तिथं ऑगस्टमध्ये ती ओळ होती, तिकिटाचे पैसे जमा. माणूस निघायला तयार होता, तिकीट होतं, गाडीच गेली नाही, हे त्या एका फिकट ओळीत होतं. मॅनेजर मॅडमनी शिक्का मारून दिला, काही विचारलं नाही.

अर्ज लिहिताना आमच्यात थोडा वादही झाला. माझं म्हणणं सहाही दिवस पुराचे लिहूया. सुभेदार मामा म्हणाले नाही, खरं तेच लिही, ९ पर्यंत पाणी, पुढं बापाचं ऑपरेशन, दोन्ही कारणं पुरेशी आहेत, एक लपवलं की दोन्ही जातात. बाळूही तेच म्हणाला. मग तसंच लिहिलं, आणि इतका उशीर का झाला त्याचाही एक पॅरेग्राफ टाकला, की आरोप कबूल केल्यावर तक्रार करता येते हेच माहीत नव्हतं. मागणी एवढीच, शिक्षा रद्द करून एंट्री काढावी, आणि ते सहा दिवस छुट्टीत धरावेत.

इथं नाहीच झालं तर? वकिलांनी सांगितलं आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या, म्हणजे फौजेच्या केसेस ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या, २००७ च्या कायद्यात समरी ट्रायलचा (बाळूची झाली तशा पेशीचा) जो उल्लेख आहे तो डिसमिसलची, म्हणजे नोकरीतून काढायची, शिक्षा झालेल्यांसाठी, म्हणजे आपलं प्रकरण तिथं नेलं तर आधी ऐकायचं की नाही यावरच वाद होणार. आणि रिटायर झाल्यावर राहत्या पत्त्यावरून केस टाकायची म्हटलं तर कर्नाटकासाठी बेंच कोचीला. चंदगडला, म्हणजे महाराष्ट्रात, आमची आत्या राहते, तिच्या पोराला मुंबई, आम्हाला कोची, मध्ये फक्त हद्दीवरचा शिनोळीचा नाका. म्हणून आहे ते इथंच नीट करायचं असं ठरवलं.

अर्ज वर गेलाय. मागच्या महिन्यात वरून पासबुकच्या पानाची अजून एक कॉपी मागितली, म्हणजे कुणीतरी ते पान बघितलंय. मी दुसऱ्याच दिवशी पाठवली.

बाळू यंदा गणपतीला आला होता. अकरा दिवसांचा गणपती आमचा, आणि विसर्जनानंतरही दोन दिवस छुट्टी शिल्लक होती, पण सातव्या दिवशीच बॅग भरून बसला. बाबा काठी टेकत दारापर्यंत आले, म्हणाले अरे, अजून सहा दिवस आहेत की, आकाशात ढग बी नाही. तो नुसता हसला, त्यांच्या पाया पडला आणि दुपारच्या बसनं गेला.