सूटकेसमधलं पुरुमेंत

अंगणात सोलं, म्हणजे कोकमाच्या साली, वाळत घातली आहेत. आई दर तासाभराने ती उलटायला उठते, आणि मी माजघरात सूटकेस उघडी टाकून बसलेय. जूनच्या पहिल्या आठवड्यात गोव्यातून पोर्तुगालला, लिस्बनला परत जायचंय. गेली सहा वर्षं मी डिसेंबरात यायचे. तेव्हा सगळं तयार हातात पडायचं: सोलांचा डबा, तिरफळांची पुडी, रेशाद मसाल्याची बाटली. यंदा मुद्दाम मे महिना धरला. हे पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, होताना बघायचं होतं.

तिकडे गेल्यापासून घरच्यांचा एक प्रश्न चुकत नाही. मावशी विचारते, शेजारची काकी विचारते, "कामावरून येऊन एकटी काय रांधतेस गे?" आज त्याचं सविस्तर उत्तर देते.

मी संध्याकाळी सात वाजता घरी पोचते तेव्हा फोंड्यात रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, आणि थंडीच्या दिवसांत साडेबारा. म्हणजे चुलीपुढे उभं राहून आईला फोन करून "आता काय घालू?" विचारायची सोय नाही. जे काही करायचं ते पाठ असायला हवं, आणि अर्ध्या तासात ताटात यायला हवं, कारण नंतर भांडी आहेत, उद्याचा डबा आहे.

पहिली दोन वर्षं माझी समजूत अशी होती की नारळ नाही तर जेवण नाही. लिस्बनमधल्या मार्तिम मोनीझ चौकाच्या आसपास आपल्याकडच्या लोकांची दुकानं आहेत, तिथे गोठवलेलं खोबरं मिळतं. ते आणायला रविवार घालवायचे आणि बुधवारी ते संपलेलं असायचं. मग एका सुट्टीत आईने फुटी कढी नीट करून दाखवली. लहानपणी ती आजारपणात मिळायची, म्हणून मी तिला कधी जेवण मानलंच नव्हतं. भाताचा कुकर लावण्याआधी पाच-सहा सोलं कोमट पाण्यात टाकायची. भात होईपर्यंत पाणी लालभडक होतं. हिरवी मिरची, कोथिंबीर आणि जाडं मीठ वाटीत घेऊन बोटांनी चुरडायचं, अगदी हिरवा रस सुटेपर्यंत, आणि त्या पाण्यात सोडायचं. वरून ठेचलेल्या लसणीची आणि हिंगाची फोडणी. झालं. नारळ नाही, वाटण नाही. थंडीत बाहेर पाऊस लागलेला असताना गरम भातावर ही कढी ओतली की दिवसभराचा शीण उतरतो.

तिकडच्या शेजारच्या आजी पोर्तुगालच्या आलेंतेजू भागातल्या आहेत. त्यांनी एकदा मला आसोर्दा करून खाऊ घातली. लसूण, जाडं मीठ आणि कोथिंबीर खलात कुटायची, त्यावर ऑलिव्ह तेल घालायचं, अंडं ज्या पाण्यात शिजवलं तेच उकळतं पाणी वरून ओतायचं आणि त्यात शिळ्या पावाचे तुकडे टाकायचे. त्या कुटत होत्या आणि मला आमची चुरडलेली कोथिंबीर दिसत होती. त्यांच्याकडे सोलं नाहीत, आमच्याकडे ऑलिव्ह नाही, पण थकून घरी आलेल्या माणसाला दहा मिनिटांत काय खायला घालावं, हे दोन्हीकडच्या बायकांना सारखंच सुचलंय. आता आठवड्यातून एक दिवस मी आसोर्दाच करते. त्यात अर्धी हिरवी मिरची कुटते, एवढाच माझा फरक.

किसमूर, म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, तर त्याहून सोपी. गालमो, म्हणजे रत्नागिरीकडचा जवळा, तव्यावर कुरकुरीत भाजायचा. बारीक चिरलेला कांदा, मूठभर खोबरं, तिखट आणि भिजवलेल्या एका सोलाचा चुरा एकत्र कुस्करायचा आणि जेवायला बसताना गालमो मिसळायचा. आधी मिसळला तर मऊ पडतो. डाळ-भाताशेजारी एवढं असलं की दुसरी भाजी लागत नाही. सुक्या मासळीच्या वासाची मला फार धास्ती होती. पण पोर्तुगालमध्ये बाकाल्याव, म्हणजे खारवून सुकवलेला कॉड मासा, दुकानात पाटासारखा रचून ठेवलेला असतो आणि नाताळच्या जेवणात त्याचाच मान असतो. आमच्या जिन्यात आजवर कुणी नाक मुरडलेलं नाही.

नेणाऱ्यांसाठी कामाची गोष्ट: स्वतःच्या वापरापुरती सुकी मासळी युरोपीय संघात वीस किलोपर्यंत नेता येते. दूध, तूप, चवरीस (गोव्याचं सॉसेज) किंवा कुठलंही मांस मात्र नेता येत नाही. पहिल्या वर्षी आजीने कढवून दिलेलं तूप मला विमानतळावर टाकून द्यावं लागलं. ते तिला मी अजून सांगितलेलं नाही.

आता रेशाद. आईची बाटली म्हणजे माझा निम्मा स्वयंपाक. सुक्या मिरच्या, लसूण, आलं, मिरी, जिरं, लवंग, दालचिनी, चिंच आणि थोडी साखर, हे सगळं माडाच्या विनेगरात वाटायचं. पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही, म्हणजे फ्रीजमध्ये कित्येक महिने टिकतं. मिरची ती काणकोण तालुक्यातल्या खोला गावची घेते. त्या मिरचीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आई ती त्याच्या किती आधीपासून घेतेय. तिला तिचा रंग हवा असतो, नुसता तिखटपणा नको. वांग्याचे काप करायचे, दोन्ही बाजूंनी रेशाद लावायचं, रव्यात घोळून तव्यावर टाकायचे. उकडलेली अंडी कापून त्यांना लावायचं. बटाटे, फ्लॉवर, काहीही. बांगड्याचा भाऊबंद तिकडे कावाला नावाने मिळतो. त्याच्या पाठीला दोन्हीकडून चीर देऊन आत रेशाद भरायचं, बारा मिनिटांत ताटात.

एक मात्र सांगते. जूनमध्ये सांतो आंतोनियो या संताच्या सणाच्या रात्री लिस्बनच्या जुन्या आल्फामा वस्तीच्या गल्ल्यांतून निखाऱ्यांवर सार्दीन मासे भाजत असतात, त्यावर फक्त जाडं मीठ. मी पहिल्या वर्षी घरून डबीत रेशाद घेऊन गेले होते. एक सार्दीन तसाच खाल्ला आणि डबी उघडलीच नाही. त्या दिवसांत तो मासा इतका भरलेला असतो की स्वतःच्या तेलातच शिजतो. मसाला कुठे घालायचा हे कळणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच कुठे नाही घालायचा हेही, असं मला त्या रात्रीपासून वाटतं.

आणि तिरफळ. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे आमच्या खोबऱ्याच्या वाटणाच्या आमटीत, तिरफळ नसेल तर ते माझ्या लेखी हुमणच नव्हे. वाटण घरच्या मिक्सरवर, तिरफळं मात्र वाटायची नाहीत, बत्त्याने नुसती ठेचायची आणि मासे शिजत आले की घालायची. वरून कच्च्या खोबरेल तेलाची धार आणि लगेच झाकण. झाकण काढल्यावर जो वास येतो त्यासाठी मी एका नोव्हेंबरात अक्षरशः कासावीस झाले होते, कारण पुडी संपली होती आणि डिसेंबर लांब होता. मार्तिम मोनीझच्या एका चिनी दुकानात सेचुआन मिरीचं पाकीट दिसलं. लालसर, फुटलेल्या कवचाचे बारके दाणे. दोन दाणे चावले आणि जिभेवर ओळखीच्या मुंग्या आल्या. घरी येऊन वाचलं तर ती तिरफळाची सख्खी चुलत बहीण निघाली, दोघीही लिंबाच्या कुळातल्या. त्या रात्री हुमण झालं. वास फुलांकडे झुकलेला, तिरफळाचा तो रानटी, सालीसारखा दर्प नाही. मुंग्या मात्र जास्तच. अडीअडचणीला चालेल, पण तिने तिरफळाची जागा घेतली असं मी म्हणणार नाही.

हुमणात वेळ कशाला लागत असेल तर तिरफळांतल्या काळ्या बिया काढायला. बी राहिलं तर कडवट लागतं आणि दाताखाली वाळूसारखं येतं. कामावरून दमून आल्यावर ओट्यापाशी उभं राहून एकेक कवच उकलायचा कंटाळा येतो, आणि म्हणून कित्येकदा हुमण राहून जातं, असं मी मागच्या गणपतीत फोनवर आईला सहज बोलून गेले होते.

पुरुमेंत हा शब्द मी लिस्बनमध्ये कुणाला सांगितला की ते क्षणभर थांबतात, मग त्यांना त्यात त्यांचाच प्रोव्हिमेंतु ऐकू येतो. आई त्यासाठी एप्रिलपासून खपतेय. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची, साली त्यांच्याच खारवलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, संध्याकाळी आत घ्यायच्या, दुसऱ्या दिवशी परत रसात. असे कितीतरी दिवस. काल मी तिच्याबरोबर बसले तर तासाभरात बोटं जांभळी झाली आणि कंबर धरली. माझी दहा मिनिटांची कढी इथे, या उन्हात, आधीच शिजून झालेली असते.

सूटकेसमध्ये आता सोलं, गालमो, मिरच्या बसल्यात. रेशादची बाटली तिने तीन पिशव्यांत गुंडाळलीय. "तिरफळां घेतलीं मगे?" म्हणून मघाशी आतून विचारलं आणि स्वतःच डबा आणून दिला. जेवणं झाल्यावर रात्री उशिरापर्यंत ताट मांडीवर घेऊन ती काय करत बसते, हे मी चार दिवस विचारलंच नव्हतं. डब्यावर चिकटपट्टी लावून तिने लिहिलंय, "बियो काडल्यात."