गोधडीचा वास, जी6पीडी आणि काकूंचं घर

नोव्हेंबरच्या शेवटी, आमच्या मुलाला दिवसा सांभाळणाऱ्या काकूंनी दिवाणातल्या गोधड्या बाहेर काढल्या आणि त्या संध्याकाळपासून माझ्या दीड वर्षाच्या मुलाच्या अंगाला डांबरगोळ्यांचा वास यायला लागला. केसांना, मानेच्या वळ्यांना, सगळ्या कपड्यांना. बऱ्याच जणांना तो वास आजोळच्या कपाटाची आठवण करून देतो. माझ्या पोटात मात्र गोळा आला, कारण आमच्या माहेरी डांबरगोळी उंबऱ्याच्या आत येत नाही. माझ्या धाकट्या भावाला जी6पीडीची कमतरता आहे, म्हणजे डांबरगोळीसारख्या काही गोष्टींनी त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. जन्मल्यावर त्याला जबर कावीळ झाली तेव्हा ते कळलं. तेव्हापासून आईच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर न चालणाऱ्या औषधांची नावं आहेत आणि खाली लाल शाईने लिहिलंय, 'डांबरगोळ्या नकोत'.

आम्ही डोंबिवलीत राहतो. मी आणि नवरा, दोघंही सकाळच्या लोकलने मुंबई गाठतो. बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा संपली तेव्हा मुलाला कुठे ठेवायचं हा प्रश्न उभा राहिला. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनंतर 50 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते. आमचं ऑफिस त्याहून लहान. शेवटी शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी हो म्हटलं आणि आमचं घर चाललं. काकू त्याला मऊ भात-तूप भरवतात, दुपारी मांडीवर घेऊन झोपवतात, तो त्यांना आज्जी म्हणतो. मी दार लावून निघते तेव्हा तो रडत नाही. असं माणूस पुन्हा मिळणं कठीण आहे, आणि वास आला म्हणून मूल तिथून उचलून आणावं असं मला एकदाही वाटलं नाही. पण गप्प बसणंही शक्य नव्हतं.

रात्री आईला फोन केला. तिने एका दमात विचारलं, "डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा दिसतोय का? ओठ फिके पडलेत का? शू चहासारखी होतेय का?" डायपरमध्ये शूचा रंग कळत नाही, म्हणून ती रात्र त्याला पांढऱ्या सुती लंगोटावर ठेवलं आणि ओला झाला की प्रत्येक लंगोट दिव्याखाली धरून बघितला. रंग नेहमीचाच होता. डोळेही स्वच्छ. तरी झोप लागली नाही, कारण भावाच्या वेळचं आईने सांगितलेलं डोक्यात होतं. अशा गोष्टींचा परिणाम लगेच दिसत नाही, एक ते तीन दिवसांनी दिसू शकतो.

सकाळी बालरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. भावाबद्दल ऐकताच त्यांनी कागद ओढून आमच्या घराण्याचा नकाशाच काढला. जी6पीडी हे तांबड्या पेशींचं रक्षण करणारं एन्झाइम, आणि त्याचा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. भावाला तो आला म्हणजे आईकडून आला. आईकडून तो मलाही मिळाला असण्याची शक्यता निम्मी. मी वाहक असेन तर माझ्या प्रत्येक मुलग्याला तो असण्याची शक्यता पुन्हा निम्मी. मला स्वतःला कधी काही त्रास झाला नव्हता, आणि मुलाच्या जन्मानंतर ज्या तपासण्या झाल्या त्यांत ही नव्हती. बाळाला तेव्हा कावीळ झालेली नसल्याने कुणाच्या मनातही आलं नाही.

डांबरगोळीचं गणित त्यांनी समजावलं ते मी तेव्हाच नीट लिहून घेतलं, कारण नवऱ्याला आणि काकूंना सांगायचं होतं. गोळी म्हणजे नॅफ्थलीन. ते घन अवस्थेतून थेट हवेत उडतं, म्हणून कपाटातली गोळी दिवसेंदिवस लहान होत जाते. श्वासातून ते अंगात जातं, त्वचेतूनही जातं. यकृतात त्याची जी रूपं तयार होतात ती तांबड्या पेशींवर हल्ला करतात. एन्झाइम पुरेसं असेल तर पेशी तो सोसतात, नसेल तर फुटतात. आणि मग त्या म्हणाल्या, "तेल लावता का अंगाला?" काकू रोज दुपारी खोबरेल तेल चोळून, आंघोळ घालून, गोधडीत गुंडाळून झोपवतात. नॅफ्थलीन तेलात विरघळतं, त्यामुळे तेलकट त्वचेतून ते जास्त शोषलं जातं. मला हे माहीत नव्हतं, आईलाही नव्हतं. युरोपीय संघात नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्यांवर 2008 पासून बंदी आहे हेही त्या दिवशीच कळलं. आपल्याकडे त्या किराणा दुकानात सुट्या मिळतात.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना उपयोगी पडेल. पेशी नुकत्याच फुटून गेल्या असतील तर जी6पीडीची चाचणी नॉर्मल येऊ शकते. ज्या जुन्या पेशींत एन्झाइम कमी असतं त्या आधी फुटतात. उरतात त्या नव्या, आणि नव्यांत ते जास्त असतं. म्हणून मॅडमनी एकाच वेळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी), बिलिरुबिन (काविळीचं प्रमाण) आणि जी6पीडी, सगळंच पाठवलं. पेशी फुटल्याची खूण दिसली असती तर ही चाचणी काही महिन्यांनी पुन्हा करावी लागली असती. रिपोर्ट येईपर्यंत मी रजा टाकली.

काकूंशी बोलायला मात्र रिपोर्टची वाट बघितली नाही. त्यांच्याकडे आणखी एक छोटी मुलगी येते आणि ती त्याच दिवाणावर झोपते. संध्याकाळी गेले. मी वास म्हटल्याबरोबर काकूंचा चेहरा उतरला. "अगं, माझी दोन्ही मुलं याच गोधड्यांत वाढली. गोळ्या नाही टाकल्या तर कसर लागते, तुला काय माहीत नाही?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी म्हटलं, "काकू, तुमच्या घरात दोष नाही. दोष असला तर आमच्या रक्तात आहे." आणि भावाची सगळी गोष्ट सांगितली. काविळीच्या वेळी रक्त बदलावं लागलं, आई रडून रडून आजारी पडली, अजूनही त्याचा ताप उतरवायचं औषधसुद्धा विचारून घेतात, इथपर्यंत. काकू मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. मग उठल्या, दिवाण उघडला आणि गोळ्या एकेक करून वेचायला लागल्या. "आधी सांगायचंस ना गं," एवढंच म्हणाल्या. मला वाटतं मुलं सांभाळणाऱ्या बाईला आपण नियम सांगतो, कारण सांगत नाही, आणि तिथेच बिनसतं.

नॅफ्थलीन पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे नुसत्या धुण्याने वास जात नाही. ते हवेत उडून जायला हवं. काकांनी गोधड्या गच्चीवर नेऊन उन्हात टाकल्या, उलट्या-सुलट्या केल्या, वास पूर्ण गेल्यावर धुतल्या आणि पुन्हा वाळवल्या. दिवाण उघडा ठेवून पंखा लावला. आता तिथे सुकवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी असते, आणि महिन्यातून एकदा कपड्यांना ऊन दाखवतात.

विषय निघालाच होता, म्हणून काकू म्हणाल्या, "अजून काय काय असेल ते आत्ताच बघून टाकू." ही कल्पना त्यांची. आम्ही दोघी मुलाच्या मागे मागे घरभर फिरलो, तो जिथे बसेल तिथे बसून, त्याचा हात जिथे पोचेल तिथे बघत. उभं राहून बघितलं की घर वेगळं दिसतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भीती फिनाईलच्या वासाची वाटायची. मॅडमनी ती बाजूला सारली. खिडक्या उघडून, पाण्यात बेताचं घालून पुसलेल्या, वाळलेल्या फरशीवर मूल खेळलं तर काळजीचं कारण नाही. भीती आहे ती बाटलीची. काकूंकडे फिनाईल कोल्ड्रिंकच्या बाटलीत होतं, मोरीत खाली ठेवलेलं. पांढरं, दुधासारखं. दीड वर्षाच्या मुलाला ते दूधच वाटणार. शेजारी संडासाचं ॲसिड, तेही पाण्याच्या बाटलीत, दारावर येणाऱ्या माणसाकडून घेतलेलं. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, विकणाऱ्याने नोंद ठेवायची, ओळखपत्र बघायचं. तरी गल्लीत ते बिननावाच्या बाटलीत येतंच. हे ॲसिड ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, म्हणून दोन्ही एका वेळी मोरीत वापरायचं नाही हेही ठरलं. दारावरचं ॲसिड काकांनी बंदच केलं. दुकानातली बाटली आणली, घट्ट झाकणाची आणि लेबल असलेली, आणि ती मोरीच्या वरच्या फळीवर गेली, कडी लावून.

ओट्याखाली मुंग्यांच्या खडूच्या रेघा होत्या. खडू दिसायला पाटीवरच्या पेन्सिलीसारखा, आणि रेघ बरोबर मुलाच्या हाताच्या उंचीवर. कीटकनाशकाच्या पाकिटावर रंगीत चौकोन छापलेला असतो, लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा, विषारीपणाच्या उतरत्या क्रमाने. आत कुठलं औषध आहे तेही लिहिलेलं असतं. या खडूच्या पाकिटावर दोन्ही नव्हतं. तो आम्ही तिथल्या तिथे टाकला आणि रेघा साबणाच्या पाण्याने पुसल्या. डासांच्या लिक्विडचं मशीन पलंगाजवळच्या खालच्या सॉकेटमध्ये होतं. ते काढलं. आता दुपारी मच्छरदाणी लावतात.

देव्हाऱ्यापाशी काकू जरा थबकल्या. कापराची डबी खालच्या फळीवर होती, आणि थंडी सुरू झाली म्हणून मुलाच्या गळ्यात कापूर-ओव्याची पोटली घालायचा त्यांचा विचार होता. छोटासा तुकडा पोटात गेला तरी लहान मुलाला आकडी येऊ शकते, आणि तीही फार लवकर. हे मी सांगितलं तेव्हा त्यांना पटायला वेळ लागला. "देवाच्या वस्तूने काय होणार?" मी वाद घातला नाही, मॅडमना फोन लावून दिला. त्यांचं बोलणं झालं आणि पोटलीचा विषय मिटला. डबी वरच्या फळीवर गेली.

तरीही कधी काही तोंडात गेलंच तर काय करायचं, ते काकांनी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावलंय. उलटी करवायची नाही. मिठाचं पाणी पाजायचं नाही. ॲसिड वर येताना पुन्हा जाळतं, फिनाईल किंवा रॉकेल फुप्फुसात जाऊ शकतं. डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली निदान 15 मिनिटं धुवायचं. बाटली किंवा पाकीट बरोबर घेऊन दवाखाना गाठायचा. रुग्णवाहिकेसाठी 108. आणि दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा नंबर, 1800 116 117. हे केंद्र 1995 पासून चालू आहे, चोवीस तास सल्ला देतं, फोन मोफत आहे. हा नंबर प्रत्येक घराच्या फ्रिजवर असायला हवा असं माझं ठाम मत आहे.

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन चांगलं, बिलिरुबिन नॉर्मल, पेशी फुटल्याची कुठलीही खूण नाही. जी6पीडी मात्र कमी. म्हणजे मामाचा वारसा त्याला आलाय. मी रडले, पण मॅडमचं बोलणं स्पष्ट होतं. अशी मुलं व्यवस्थित वाढतात, खेळतात, शिकतात, फक्त काही गोष्टी टाळायच्या. त्यांनी यादी दिली. प्राइमाक्विन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन यांसारखी औषधं, बाकला ही शेंगभाजी, डांबरगोळ्या. आणि मेंदी. मेंदीतल्या रंगद्रव्यानेही अशा बाळांच्या पेशी फुटल्याच्या नोंदी आहेत. यादीची एक प्रत काकूंकडे आहे. सोसायटीतल्या लग्नात कुणीतरी कौतुकाने त्याच्या तळहातावर मेंदीचा ठिपका द्यायला निघालं, तेव्हा मी पोचण्याआधी काकूंनीच त्याला उचलून घेतलं आणि तिथे जमलेल्या बायकांना जी6पीडी म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

आता माझ्या बहिणीला सातवा महिना चालू आहे. तीही वाहक असू शकते. तिच्या डॉक्टरांना आम्ही आधीच सांगून ठेवलंय की बाळाची ही चाचणी जन्मल्याबरोबर हवी. तिच्या सासूबाईंनी घरातली जुनी झबली-टोपडी ट्रंकेतून काढून ठेवली आहेत, पहिल्या बाळाला जुने कपडे घालतात म्हणून. नवजात बाळांना हा त्रास झाल्याच्या कितीतरी घटनांत कारण असेच गोळ्यांत ठेवलेले कपडे होते. मी सासूबाईंना स्वतः फोन केला, भावाची आणि माझ्या मुलाची, दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांनी ट्रंक रिकामी केली आहे. झबली सध्या त्यांच्या अंगणात दोरीवर आहेत, आणि बाळ मुलगा असो वा मुलगी, चाचणीचा रिपोर्ट येईपर्यंत नवीन सुती कपडेच घालायचे असं ठरलंय.