कुंद्याच्या खोक्यांचा कारखाना : आमची वाटचाल

बेळगावचा कुंदा सगळ्यांना माहीत आहे, तो ज्या खोक्यातून घरी जातो ते खोकं कुणाच्या लक्षात राहत नाही. ते खोकं आम्ही करतो. बेळगावातल्याच शहापुरात वडिलांनी धंदा सुरू केला तेव्हा पुठ्ठा हातानं कापत. पुढं पंचिंग मशीन आलं आणि दुमडून चिकटवायचं काम गल्लीतल्या बायका घरी नेऊ लागल्या. मजुरी शेकड्यावर.

वळण आलं ते धाकट्या भावामुळं. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. अठरा पूर्ण झाल्यावर विशेष शाळा संपली आणि तो घरी बसला. त्याला कारखान्यात आणलं ते खरं तर आईला जरा उसंत मिळावी म्हणून. बघता बघता त्याची खोकी इतरांपेक्षा सरळ यायला लागली. मग त्याच्या वर्गातल्या मुलांच्या आया येऊन विचारू लागल्या, ‘आमच्या पोराला पण बसवून घेता काय?’

अडचण मोजणीची होती. गठ्ठा पंचवीसचा, आणि निम्म्या पोरांना दहाच्या पुढं मोजता येत नाही. अनगोळच्या एका सुतारानं पंचवीस खाचांची फळी करून दिली. चिकटवलेलं चपटं खोकं खाचेत उभं करायचं. फळी भरली की सुतळी बांधायची. मोजायचा प्रश्नच मिटला. ऑटिझम असलेला एक जण क्रीज, म्हणजे दुमडायची रेघ, केसभर हुकलेला पुठ्ठा हातात येताच बाजूला टाकतो. कुणी शिकवलेलं नाही. पण पंचिंगचा आवाज त्याला सोसत नाही, म्हणून मशीन आम्ही सकाळी लवकरच उरकतो आणि मंडळी त्यानंतर येतात.

एक गिऱ्हाईक म्हणालं, ‘समाजसेवाच आहे की, दर कमी लावा.’ म्हटलं, तुम्ही कुंदा फुकट वाटा, मी खोकी फुकट देतो. बायकांना जो दर, तोच यांना.

पुढं पालकांनी मिळून ट्रस्ट केला. कारखाना माझा, ट्रस्ट त्यांचा, हिशेब वेगळे. ट्रस्टचं मोठं काम म्हणजे कागदपत्रं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, ऑटिझम त्यात नव्हता. २०१६ च्या कायद्यात २१ झाले. त्यात आपला भाग सीमेवरचा. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, पण त्याचा दाखला कोल्हापूर जिल्ह्याचा, पेन्शन महाराष्ट्राची, आणि पोरगं कामाला इथं. खानापूर-निपाणीच्या घरांत मराठी, फॉर्म कन्नडमध्ये. अपंगत्वाचं देशभर चालणारं ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, आल्यापासून थोडं सोपं झालंय. केंद्राचा निरामय आरोग्य विमा तर दोन्ही बाजूंना मिळतो, एक लाखापर्यंत. तरी तो काढलेली घरं कमीच भेटतात, याची मला चीड येते.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते पालकत्व. मूल अठराचं झालं की कायद्यानं ते सज्ञान. आईबाप त्याच्या वतीनं आपोआप सही करू शकत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडं अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. बँकेत खातं उघडायला गेल्यावर बहुतेकांना हे पहिल्यांदा कळतं. आता कुणी कामावर आलं की आम्ही पहिल्या आठवड्यातच वय विचारतो आणि अर्ज भरायला बसतो.

गणपती ते दिवाळी हात थांबत नाही. मे महिन्यात लग्नं. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, खळ वाळत नाही, तेव्हा कापसाच्या वाती वळतो. वातींना दर कमी मिळतो, पण कुणी घरी बसत नाही.

पालकांची आता साठी उलटलीय. ‘आमच्या माघारी काय?’ हे प्रत्येक बैठकीत निघतं. सहा-सात जणांना सोबतीनं राहता येईल असं घर शोधतोय. दोन मालकांनी कोण राहणार हे ऐकूनच नाही म्हटलं. वडगावातलं एक पसंत आहे. जिना अरुंद आहे, पण खालच्या दोन खोल्या मोठ्या आहेत आणि बसस्टॉप जवळ. भाड्याचं बोलणं चालू आहे. मालक दसऱ्यापर्यंत कळवतो म्हणालेत.