नानांच्या जागेवर चालताना

फौजेतून निवृत्त झाल्यापासून गुडघ्यांनी साथ दिली तोवर माझ्या वडिलांनी, नानांनी, मुक्ताईची वारी चुकवली नाही. यंदा माघात ते गेले. ज्येष्ठात मी बँकेत रजा टाकली, त्यांचे टाळ पिशवीत घातले आणि मुक्ताईनगरजवळच्या कोथळीला मुक्ताईच्या जुन्या देवळात जाऊन त्यांच्या दिंडीत उभी राहिले. आई म्हणाली, "जा. तुला जायलाच पाहिजे." भाऊ म्हणाला, मीच जातो. पण त्याची कपाशी लावायची राहिली होती, आणि खरं सांगायचं तर मला जायचंच होतं.

आमच्याकडची जुनी माणसं मुक्ताईनगरला अजून एदलाबादच म्हणतात. शके १२१९च्या वैशाख वद्य दशमीला तापीकाठी मेहूणला वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. वयाची विशीही तिनं गाठली नव्हती. थोरल्या भावाला, साक्षात ज्ञानदेवाला, समजावून दार उघडायला लावणारी ही पोर. नानांना तिचा फार अभिमान. मी लहान असताना एकदा बुजून मागे राहिले, तर म्हणाले, "बाई, आपण मुक्ताईच्या मुलखातले. मागं काय राहतेस?"

ही पालखी लांबून येते. मलकापूर, मोताळा, बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, जालना, अंबड, गेवराई, बीड, भूम, माढा करत पंढरपूर गाठायला महिन्याच्या वर लागतो. ज्येष्ठाचं ऊन आमच्या खानदेशात कसं असतं ते काय सांगू! सुरुवातीला डांबर चटके देतं, पाऊस कुठेच नसतो. रस्त्यावरच्या गावांनी कळण्याची भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा पुढ्यात ठेवला की जिवात जीव येतो.

नाना १९६३ साली भरती झाले. चीनच्या युद्धानंतर भरती मोठी निघाली होती आणि यावल तालुक्यातल्या आमच्या गावातली काही पोरं त्यात गेली. नानांना सिग्नल्स, म्हणजे फौजेचं संदेशवहनाचं खातं मिळालं. जबलपूरला ट्रेनिंग, हुद्दा लाइनमनचा. तारेचं जड रीळ पाठीवर घ्यायचं आणि ठाण्यापासून ठाण्यापर्यंत फोनची लाइन टाकत जायचं.

पेटीही त्यांना फौजेनंच दिली. रविवारी युनिटच्या मंदिरात परेड असायची, पंडितजी पेटीवर भजनं म्हणायचे. नाना आधी नुसते शेजारी बसायचे. मग सूर धरायला लागले, मग पंडितजी रजेवर गेले की पेटी यांच्याकडे. सुटीवर गावी आले की ऐकलेल्या हिंदी भजनांच्या चाली आमच्या मंडळाच्या अभंगांना लावून बघायचे. रीतसर तालीम कधीच झाली नाही. राग ओळखा म्हटलं तर ओळखता येत नसे, पण गाणाऱ्याचा आवाज कुठे तुटणार हे त्यांना आधी कळायचं आणि तेवढ्यापुरती पेटी भरून यायची. गाणारा सावरला की पुन्हा दबकी. गावात चांगले गाणारे बरेच होते. नाना साथीला असले की ते आणखी चांगले गायचे, हे मी लेक म्हणून सांगत नाही, गाणाऱ्यांनीच मला सांगितलंय.

वारीत चालताना मात्र पेटी नाही. टाळ, मृदंग आणि वीणा, बस. पेटी मुक्कामाच्या सामानात ट्रकवर, रात्रीच्या भजनाला खाली उतरायची. दिवसभर नाना टाळकऱ्यांच्या रांगेत. मंडळींनी वीणा घ्या म्हणून आग्रह केला होता, त्यांनी घेतली नाही.

ते टाळ आता माझ्या हातात आहेत. काशाचे, आतल्या बाजूनं घासून गुळगुळीत झालेले. एकाच्या काठाला नखाएवढा टवका उडालाय, त्यामुळे त्याचा आवाज किंचित चपटा येतो. दोरीच्या जागी बुटाची काळी लेस आहे, फौजी बुटाची. गाठ इतकी घट्ट आणि सपाट, की दिवसभर वाजवूनही बोटाला रुतत नाही.

राजूर घाटात दिंडीतले मृदंगी काका माझ्याशेजारी आले. मोताळ्याकडून बुलढाण्याला चढताना हा घाट लागतो. म्हणाले, "ताई, तू जरा मधे सरक. नानांची जागा तिथं होती." मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. चढावर दिंडी लांबते. पुढचे टाळकरी वरच्या वळणावर पोचलेले असतात, मागचे अजून खालीच. आवाज पोचेपर्यंत पुढचे चरण संपवतात आणि मागचे तोच चरण उचलत असतात. एकाच दिंडीत दोन भजनं चालल्यासारखं होतं. नाना तेव्हा बरोब्बर मधे राहून टाळ डोक्याच्या वर धरून वाजवायचे, म्हणजे कानानं नाही तर डोळ्यांनी ताल कळेल. आणि सारखे मान वळवून विचारायचे, "पुढं पोचतंय का? मागं पोचतंय का?"

ऐकलं आणि माझे पायच थांबले.

कारण १९७१बद्दल नाना आयुष्यभर एवढंच बोलले होते. ३ डिसेंबरला संध्याकाळी पठाणकोट, अमृतसरच्या विमानतळांवर हल्ले झाले तेव्हा त्यांची तुकडी पंजाबच्या सरहद्दीवर होती. पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल कपाटात आहेत, पण कुणाला मारलं, कोण गेलं, यातलं काही त्यांनी सांगितलं नाही. सांगायचे ते तारेचं. गोळा पडला की तार तुटते. मग अंधारात तार मुठीतून सोडत सोडत चालायचं, टोक लागेपर्यंत. दुसरं टोक चाचपून शोधायचं, सोलायचं, पीळ घालायचा, आणि हातातला फोन जोडून दोन्हीकडे विचारायचं. पुढं पोचतंय का, मागं पोचतंय का. थंडीनं बोटं काम करत नसत, तेव्हा ती काखेत धरून ऊब द्यायची. एवढं सांगून ते पेटी पुढे ओढायचे.

मी घाटात टाळ वर धरले. दंड भरून आले, खांदा दुखायला लागला. खालच्या वळणावरच्या म्हाताऱ्या मावशी माझ्या हातांकडे बघून गात होत्या, ते दिसलं. मग हात खाली घ्यावासा वाटला नाही.

मुक्कामाला पोचलं की नानांची खरी फौज बाहेर यायची. आधी पाय. सुई तापवायची, दोरा ओवायचा, फोडातून आरपार काढायचा आणि दोरा तसाच आत राहू द्यायचा, म्हणजे पाणी झिरपून जातं आणि कातडी निघत नाही. पाय कोरडे केल्याशिवाय चप्पल घालू द्यायचे नाहीत. दिंडीतल्या कितीतरी बायांचे पाय त्यांनी मांडीवर घेतलेत. एक आजी माझ्या टाचेला तसाच दोरा घालताना म्हणाली, "तुह्या बापानंच शिकवलं मले, माय."

बीडला बिंदुसरेकाठी मुक्ताईचे आजोबा गोविंदपंत यांची समाधी आहे. पालखी तिथं थांबते, आजोबा-नातीची भेट होते. नाना दरवर्षी तिथून मला फोन करायचे. आधी एसटीडी बूथवरून, नंतर मोबाइलवरून. मोबाइल आल्यावर तर बोलायचेच नाहीत, नुसता फोन भजनाकडे धरायचे. मी बँकेत काउंटरवर असले तरी कानाला लावून ठेवायचे. समोरचे ग्राहकही थांबायचे, कुणी कधी कुरकुर केली नाही.

यंदा मी आईला फोन लावला. एका हातानं टाळ वाजवता येत नाहीत, म्हणून शेजारच्या मुलीला फोन धरायला दिला आणि वाजवले. भजन संपल्यावर फोन कानाला लावला तर आई रडत नव्हती. म्हणाली, "तो टवका उडालेला टाळ वाजतोय ना? पोचला गं."

पेटी आता दिंडीची झाली आहे. भात्याला भेग पडली होती, दोन सूर अडकत होते. ती जळगावला दुरुस्त करून आणली आणि मृदंगी काकांच्या नातवाकडे दिली. कॉलेजात शिकतो, हात हलका आहे. पंढरपुरात द्वादशीच्या रात्री तोच साथीला बसला होता. एका आजोबांचा आवाज वरच्या सुरावर फाटला तेव्हा त्यानं भाता जोरात ओढला आणि सूर भरून काढला. हे त्याला कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर नानांच्या मागे बसून ऐकत होतो म्हणाला. पुढच्या ज्येष्ठाची रजा मी आत्ताच लिहून दिली आहे.